खाऱ्या पाण्याच्या टाकीला मी होकार का दिला

घरात समुद्र ठेवू नये, असं माझं मत होतं. मत कसलं, आग्रहच होता. ठाण्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी जीवशास्त्र शिकवते. अकरावीला प्रवाळांचा भाग संपला की मी मुलांना बजावत असे: गप्पी, मॉली हवे तेवढे पाळा, पण समुद्रातला मासा आणि समुद्रातलं प्रवाळ विकत घेऊ नका. एखादे पालक भेटायला येऊन "मॅडम, मुलाला मरीन टँक हवाय, कुठला घेऊ?" असं विचारत, तेव्हा माझं उत्तर एका शब्दात संपत असे. आज माझ्या घरात खाऱ्या पाण्याची दोन फुटी टाकी आहे आणि तशी टाकी लावू पाहणाऱ्यांना मी बसून वेळ देते. माझं ऐकून ज्यांनी तेव्हा तो विचार सोडला, त्यांना हा बदल कसा झाला हे मी सांगायला हवं.

माझा नकार हवेतला नव्हता. १९६०च्या दशकात फिलिपीन्समध्ये शोभेचे मासे पकडायला सोडियम सायनाइड वापरायला लागले आणि ती पद्धत पुढे इंडोनेशियात पसरली. पाणबुड्या सायनाइडच्या गोळ्या पाण्यात विरघळवतो आणि ते पाणी प्लास्टिकच्या बाटलीतून प्रवाळाच्या फटीत मारतो. आत लपलेला मासा गुंगी येऊन बाहेर पडतो आणि हाती लागतो. त्यातले कित्येक वाटेत मरतात, काही दुकानात, काही विकत घेणाऱ्याच्या घरी. ज्या प्रवाळावर फवारा बसला, ते पांढरं पडतं.

बँगाई कार्डिनलची गोष्ट तर मी वर्गात दरवर्षी सांगायचे. काळे पट्टे आणि पांढरे ठिपके असलेला हा देखणा मासा मूळचा सुलावेसीजवळच्या बँगाई बेटांच्या आसपासचा. नर अंडी तोंडात सांभाळतो, पिल्लं बाहेर आल्यावरही काही दिवस तोंडातच ठेवतो. बहुतेक समुद्री माशांची पिल्लं प्रवाहाबरोबर दूरवर जातात, तशी याची जात नाहीत. त्यामुळे एका जागचे मासे उपसून नेले की शेजारच्या बेटावरून नवे येऊन ती जागा भरत नाही. टाक्यांसाठी त्याचा एवढा उपसा झाला की २००७ साली आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संघटनेला तो धोक्यात आलेल्या प्रजातींच्या यादीत घालावा लागला. आणि निळा सर्जनफिश, ज्याला मुलं 'डोरी' म्हणतात, तो दुकानात रुपयाच्या नाण्याएवढा दिसतो. पूर्ण वाढला की फूटभर होतो आणि त्याला दिवसभर पोहत राहायला जागा लागते. दोन फुटी टाकीत त्याचं काय होत असेल, हे सांगायला जीवशास्त्राची पदवी लागत नाही.

यातली एकही गोष्ट आज खोटी ठरलेली नाही आणि मी ती वर्गात अजूनही सांगते. पण या सगळ्यावरून 'म्हणून कुणीच काही ठेवू नये' असा जो निष्कर्ष मी काढत होते, तो मी सोडला आहे.

त्याचं एक कारण माझ्या नकारातच होतं. मी नको म्हटल्यावर ज्यांना ठेवायचं होतं त्यांनी ठेवलंच, फक्त मला विचारणं बंद केलं. एका विद्यार्थ्याला एका दुकानदाराने एकाच दुपारी टाकी, मीठ, दगड आणि चार मासे असं सगळं विकलं आणि संध्याकाळी मासे सोडायला सांगितलं. आठवड्याभरात चारही मासे मेले. हे मला फार नंतर, दुसऱ्याच विषयावर बोलताना कळलं. टाकी महिनाभर रिकामी चालवावी लागते एवढं एक वाक्य त्याला कुणी सांगितलं असतं तरी पुरलं असतं. ते वाक्य मला येत होतं. पण मॅडम रागावतील म्हणून तो माझ्याकडे आलाच नाही.

दुसरं कारण खाडीपलीकडचं. ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठानाने, राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या साहाय्याने, समुद्री शोभेच्या माशांचं उबवणी केंद्र उभं केलं. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने तर मंडपम आणि विळिंजम इथे क्लाउनफिशची पैदास त्याआधीच साधली होती. मी ते तंत्र मुळापासून वाचून काढलं. जोडी एखाद्या फरशीच्या तुकड्यावर अंडी घालते. नर त्यांची राखण करत बसतो, पंखांनी त्यांना वारा घालतो, खराब झालेली अंडी तोंडाने वेचून काढतो. आठवड्याभराने, अंधार पडल्यावर, काचेच्या सळीसारखी पारदर्शक पिल्लं बाहेर पडतात. त्यांना खायला आधी रोटिफर नावाचे सूक्ष्म जीव द्यायचे, मग आर्टेमिया या इवल्या कोळंबीसारख्या जिवाची पिल्लं. दहा-बारा दिवसांत अंगावर पांढरा पट्टा उमटायला लागतो. असा मासा समुद्रातून कुणी पकडलेला नसतो, त्याच्यासाठी कुठल्या फटीत सायनाइड गेलेलं नसतं आणि त्याच्या विक्रीतून पोट भरणारी माणसं आपल्याच किनाऱ्यावरची असू शकतात. माझ्या नकाराचा सगळ्यात मोठा आधार या माशाला लागूच पडत नव्हता.

माझा आणखी एक समज होता: ही सगळी हौस २००३ साली 'फाइंडिंग निमो' आल्यावर वाढलेली, पैसेवाल्यांची खरेदी. चित्रपटाने मागणी किती वाढली ते सोडून देऊ, पण घरात समुद्र ठेवण्याची सुरुवात कुतूहलातून झाली होती. १८४६ साली ॲना थिन नावाच्या बाईंनी इंग्लंडच्या टॉर्की किनाऱ्यावरून काही जिवंत प्रवाळ लंडनला आणले. तेव्हा पाण्यात हवा मिसळायला पंप नव्हता. घरातली मोलकरीण रोज उघड्या खिडकीपाशी उभी राहून ते पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत राहायची आणि प्रवाळ जगले. पुढे थिनबाईंनी त्यात समुद्री वनस्पती ठेवून ओतण्याचे कष्ट वाचवले. प्राण्याने सोडलेलं वनस्पतीने घ्यायचं आणि वनस्पतीने सोडलेलं प्राण्याने, हा हिशेब त्यांनी घरात बसून जमवला. हे वाचल्यावर मला पहिल्यांदा वाटलं की टाकीकडे प्रयोगशाळा म्हणून बघायला हवं होतं, मी तिच्याकडे दुकानातली वस्तू म्हणूनच बघत आले.

भाचा शिकायला आमच्याकडे राहतो. टाकी लावायचं ठरलं तेव्हा त्याने पहिला प्रश्न विचारला, "मावशी, समुद्र इतका जवळ असताना पाणी आपण बनवायचं कशाला?" नवशिके हाच प्रश्न हटकून विचारतात, म्हणून उत्तर इथे देते. आपल्या किनाऱ्याच्या पाण्यात सांडपाणी असतं, गाळ असतो, बोटींचं तेल असतं. शिवाय खाडीचा खारेपणा ऋतूप्रमाणे बदलतो, पावसाळ्यात तर फारच उतरतो. प्रवाळाला सवय असते ती खुल्या समुद्राच्या स्थिर पाण्याची: लिटरमागे ३५ ग्रॅम क्षार, बारा महिने जवळपास तेवढेच. म्हणून शुद्ध पाण्यात तयार मरीन सॉल्ट मिसळायचं. जेवणातलं मीठ चालत नाही, कारण त्यात जवळपास नुसतं सोडियम क्लोराइड असतं आणि समुद्रात त्याबरोबर मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट, बायकार्बोनेट असं पुष्कळ काही असतं. आमच्या टाकीत सुमारे ७५ लिटर पाणी मावतं, त्याला पहिल्या भरणीत तीन किलोच्या आसपास मीठ लागलं.

शुद्ध पाणी म्हणजे घरच्या आरओचं पाणी, असं बहुतेकांना वाटतं. आपल्याकडच्या पुष्कळ आरओ यंत्रांत टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, ठरवणारा कंट्रोलर असतो. तो गाळलेल्या पाण्यात थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळतो, म्हणजे पाणी प्यायला चवदार लागावं. टाकीला ते चालत नाही. त्या पाण्यातून नायट्रेट, फॉस्फेट येतात आणि महिन्याभरात काचा हिरव्या होतात. आरओच्या पुढे उरलेसुरले क्षार काढणाऱ्या डीआय रेझिनची एक नळी जोडायची आणि मीटरवर टीडीएस शून्य दिसेपर्यंत पाणी टाकीत जाऊ द्यायचं नाही. ही नळी काही फार महाग नाही. दिव्यावर हजारो रुपये घालवणारा माणूस इथे पैसे वाचवतो आणि मग वर्षभर शेवाळ खरवडत बसतो, याचं मला वाईट वाटतं.

खारेपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर लागतो. काचेवर पाण्याचा थेंब टाकायचा, झाकण खाली करायचं, उजेडाकडे धरून डोळा लावायचा. निळा आणि पांढरा भाग जिथे भेटतो ती रेघ १.०२५ ते १.०२६वर हवी. ती रेघ जागेवर ठेवणं हे या हौसेतलं रोजचं काम आहे. पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाही. उन्हाळ्यात टाकीवर पंखा लावला की दिवसाला दीड लिटर पाणी सहज उडतं. तीन दिवस कुणी बघितलं नाही तर लिटरमागे ३५ ग्रॅमचे ३७ होतात. भर घालायची ती गोड्या पाण्याची, खाऱ्या पाण्याची नाही. ही गोष्ट ऐकायला सोपी वाटते, पण नवशिक्यांच्या टाक्या बहुतेक वेळा इथेच बिघडतात. टाकी जितकी लहान तितका हा बदल जलद होतो. म्हणून अगदी वीस-पंचवीस लिटरचा देखणा पेला घेण्यापेक्षा ऐंशी-नव्वद लिटरची साधी टाकी घ्या, असं मी सांगते. जागा मात्र मजबूत हवी, कारण पाणी, काच, दगड मिळून वजन शंभर किलोच्या वर जातं.

त्यानंतर वाट बघायची. दगड रचायचे, वाळू पसरायची, पाणी फिरतं ठेवायला वेव्हमेकर लावायचा, चिमूटभर माशांचं खाद्य टाकायचं आणि त्या टाकीत दुसरं काही घालायचं नाही. खाद्य कुजून अमोनिया होतो. दगडाच्या छिद्रांत वसलेले जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट. हे तीनही टप्पे पुस्तकात बाणांनी दाखवलेले असतात आणि मी ते फळ्यावर कितीदा तरी काढले आहेत. टेस्ट किटच्या नळीत मात्र ते रंगांनी दिसतात: अमोनियाचा हिरवा गडद होत जातो, मग एके दिवशी उतरायला लागतो आणि तो उतरत असताना नायट्राइटचा जांभळा चढतो. साधारण चार ते सहा आठवड्यांनी दोन्ही शून्यावर येतात. तोवर टाकीत बघण्यासारखं काही नसतं, असं लोक म्हणतात. मला तो महिना फार मोलाचा वाटला. वाळूवर तपकिरी डायटम आले, मग केसांसारखं हिरवं शेवाळ आलं, मग काचेवर दाणे धावताना दिसले. भिंगातून पाहिलं तर ते कोपेपॉड, म्हणजे इवले कवचधारी जीव, निघाले. भाच्याने स्वतःहून वही केली आणि रोजचे आकडे लिहायला लागला. त्याला मी तसं सांगितलं नव्हतं.

आणि मग गणपतीत एक गोष्ट घडली. टाकी तोवर बसली होती, ऐरोलीसारख्या केंद्रात जन्मलेली क्लाउनफिशची एक जोडी तिच्यात होती. टाकीतल्या पाण्याचा पीएच दिवसभरात वरखाली होतो. दिवे चालू असताना शेवाळ कार्बन डायऑक्साइड ओढतं, पीएच चढतो. रात्री सगळेच श्वास सोडतात, पीएच उतरतो. आमच्याकडे संध्याकाळी ८.२ आणि पहाटे ८.० असं साधारण चालायचं. गणपतीत घर पाहुण्यांनी भरलं, बाहेर पाऊस म्हणून खिडक्या बंद, हॉलमध्ये रात्री अंथरुणं टाकून सगळे झोपलेले. सकाळी पीएच ७.८. दुसऱ्या दिवशीही तेच. भाच्याला वाटलं मीटर बिघडला. मी म्हटलं, अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल पचवण्याची पाण्याची ताकद, मोजू. नळीत थेंब थेंब टाकत रंग बदलेपर्यंत मोजलं, आकडा होता तेवढाच होता. अल्कलिनिटी तीच असताना पीएच पडतो तो पाण्यात जास्त कार्बन डायऑक्साइड विरघळल्यामुळे. तो पाहुण्यांच्या श्वासाचा होता. आम्ही टाकीजवळची खिडकी उघडून ठेवली, दुपारपर्यंत पीएच परत वर आला.

मी तिथे बराच वेळ उभी होते. औद्योगिक काळाआधी समुद्राच्या पृष्ठभागाचा पीएच सुमारे ८.२ होता, आता तो ८.१च्या जवळ आहे. दशांशाचा फरक वाचायला नगण्य वाटतो. पीएचचं माप लॉगरिदमचं असल्याने त्याचा अर्थ आम्लता जवळपास ३० टक्क्यांनी वाढली असा होतो, हे मी शिकवते, मुलं लिहून घेतात, परीक्षेत उतरवतात. पण हवेतला वायू वाढला की पाणी बदलतं, आणि त्या पाण्यात चुन्याचं कवच बांधणाऱ्या जिवाला त्याची किंमत मोजावी लागते, हे माझ्या हॉलमध्ये, माझ्याच माणसांच्या श्वासाने मला दाखवलं. गोगलगायींची कवचं, दगडावर नुकतं धरू लागलेलं गुलाबी कोरलाइन शेवाळ, या सगळ्यांना तोच चुना लागतो. आम्हाला खिडकी उघडता आली. समुद्राला तशी खिडकी नाही. त्या दिवसापासून माझ्या मनात टाकीविरुद्ध बोलायचं उरलं नाही. इतक्या वर्षांच्या शिकवण्यात हे इतकं स्पष्टपणे मला कुठल्याही पुस्तकाने सांगितलं नव्हतं.

उन्हाळ्यात दुसरा धडा मिळाला. मे महिन्यात हॉलमधलं पाणी ३१ अंशांवर गेलं, टाकीतले झोअँथिड, म्हणजे छोट्या फुलांसारखे दिसणारे प्रवाळांचे नातलग, दिवसभर मिटून राहिले. पंखा लावल्यावर दोन-तीन अंश उतरले आणि ते हळूहळू उमलले. प्रवाळाच्या पेशींत राहणारं सूक्ष्म शैवाल त्याला लागणाऱ्या ऊर्जेचा मोठा वाटा पुरवतं. समुद्राचं पाणी त्या जागेच्या नेहमीच्या सर्वात उष्ण महिन्यापेक्षा एका अंशानेही अधिक तापलेलं काही आठवडे राहिलं, की ही भागीदारी तुटते आणि प्रवाळ पांढरं पडतं. जगभरातल्या प्रवाळांवरचं असं चौथं संकट एप्रिल २०२४मध्ये जाहीर झालं, त्यात आपलं लक्षद्वीपही होतं. एका अंशाने एवढं काय होणार, असं विचारणारा विद्यार्थी आता मला थर्मामीटरकडे नेता येतो.

आता टाकीत काय ठेवावं याबद्दल, कारण इथे कायद्याचा संबंध येतो आणि दुकानांत याविषयी कुणी बोलत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२च्या पहिल्या अनुसूचीत सगळी दगडी प्रवाळं आहेत, काळं प्रवाळ आहे, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि समुद्रपंखे आहेत. म्हणजे वाघाला जे संरक्षण, तेच त्यांना. समुद्रघोडे आणि समुद्रकाकडीही संरक्षित आहेत. मेलेल्या प्रवाळाचा तुकडाही याला अपवाद नाही, म्हणून किनाऱ्यावरून उचलून आणलेला 'शोभेचा दगड' टाकीत घालू नका. परदेशी चित्रफितींत दिसणाऱ्या ॲक्रोपोराच्या रंगीत फांद्या आपल्याकडच्या नवशिक्याने मनातून काढून टाकाव्यात. मला हा कायदा योग्य वाटतो आणि माझ्या होकारात तो गृहीत आहे. आमच्या टाकीत माणसाने बनवलेले सच्छिद्र दगड आहेत. त्यांवर एका जुन्या हौशी माणसाच्या टाकीतलं जिवाणूंचं बियाणं आणि त्यानेच वाढवलेल्या झुबक्यातले झोअँथिड आणि मऊ 'मश्रूम' प्रवाळांचे तुकडे आहेत. दुकानात कुठलाही जीव घेताना त्याचं शास्त्रीय नाव विचारा. नाव सांगता येत नसेल तर घेऊ नका.

झोअँथिडबद्दल एक ताकीद. त्यांच्या काही जातींत, विशेषतः पॅलिथोआत, पॅलिटॉक्सिन नावाचं अत्यंत जहाल विष असतं. हातमोज्यांशिवाय हात लावू नये, डोळ्यांवर चष्मा असावा आणि झोअँथिड लागलेला दगड कधीही उकळू किंवा गरम पाण्याने घासू नये. त्याची वाफ श्वासात गेल्याने जगभरात घरंच्या घरं दवाखान्यात पोहोचली आहेत. घरात लहान मूल असेल तर हे जीव आणूच नका, मश्रूमवर भागवा.

माझा शेवटचा आक्षेप असा होता की टाकी बघून मुलांना समुद्र म्हणजे हॉलमधली वस्तू वाटेल. हा आक्षेप मुलांनीच खोडून काढला. वर्गातली काही मुलं आमच्याकडे पाणी तपासायला यायची. त्यांना घेऊन मी उधाणाच्या ओहोटीला हाजी अलीच्या खडपांवर गेले. मुंबईच्या किनाऱ्यावर अशा फेऱ्या 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा गट २०१७पासून काढतो आहे, त्यांच्याबरोबर जाणं सर्वात उत्तम. पाणी मागे सरलं होतं, खडकावर राखाडी-हिरवट, चिकट दिसणारा थर पसरला होता. येणारेजाणारे त्यावरून चालत होते. आमच्यातली एक मुलगी थबकली आणि म्हणाली, "मॅडम, हे झोअँथिड आहेत. मिटलेत." पाणी भरलेल्या खळग्यात तेच उमललेले होते. त्यानंतर त्यातल्या कुणीही त्यांच्यावर पाय ठेवला नाही. याच परिसरातल्या दगडी प्रवाळांच्या १८ वसाहती किनारी रस्त्याच्या कामात वरळी आणि हाजी अलीहून हलवून नेव्ही नगरला नेल्या होत्या, हे त्यांना मी तिथे उभं राहून सांगितलं. मुंबईच्या गढूळ पाण्यात प्रवाळ आहे यावर त्यांचा आधी विश्वासच नव्हता. मालवणला १९८७ साली समुद्री अभयारण्य झालं, तिथे सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळ आहे, हे त्यांना माहीत होतं ते स्नॉर्केलिंगच्या जाहिरातीमुळे. आता मालवणला गेलेली मुलं परत येऊन सांगतात की कुणी प्रवाळावर उभं राहत होतं आणि आम्ही त्यांना बाजूला केलं. वर्गात इतकी वर्षं नको नको म्हणून मला हे साधलं नव्हतं.

काही बाबतींत मी होते तिथेच आहे. समुद्रातून पकडलेला मासा घेऊ नये. बँगाई कार्डिनल आता माणसाच्या देखरेखीत सहज पैदा होतो. तसा पैदा झालेला आहे हे विक्रेत्याला दाखवता आलं तरच तो घ्यावा. डोरी लहान टाकीत घालणं हा छळ आहे. ती पैदास केंद्रातली असली तरीही, कारण तिची लांबी काही कमी होत नाही. मँडरिन मासा रंगाने वेड लावतो, पण तो जिवंत कोपेपॉडवर जगतो आणि नव्वद लिटरच्या टाकीत ते त्याला पुरत नाहीत, तो आपल्या डोळ्यांसमोर वाळत जातो. समुद्रफूल, म्हणजे ॲनिमोन, पहिल्या वर्षी आणू नये. पैदा केलेल्या क्लाउनफिशला ते लागतही नाही. आणि घरातली टाकी म्हणजे समुद्राचं संवर्धन, असं कुणी म्हणालं तर ते मला मान्य नाही. संवर्धन समुद्रातच होतं.

पैशांची आणि वेळेची तयारी नसेल तर सुरुवात करू नये, हेही मी सांगते. दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलणं, म्हणजे आमच्याकडे अर्धी बादली, हे वर्षानुवर्षं करायचं काम आहे. वीज गेली की पाण्याचं फिरणं थांबतं आणि प्राणवायू कमी पडायला लागतो, म्हणून बॅटरीवरचा एअर पंप घरात हवाच. ठाणे-मुंबईकडच्या उकाड्यात पंख्याने भागलं नाही तर चिलर लागतो आणि तो टाकी-दिव्यांपेक्षा महाग पडतो. गावाला जाताना टाकीकडे कोण बघणार, हे मासा आणण्यापूर्वी ठरवा.

शेवटी एकच मागणं आहे आणि ते कळकळीचं आहे. हौस संपली, घर बदललं, मासा मोठा झाला, काहीही झालं तरी टाकीतला कुठलाही जीव, दगड, शेवाळ किंवा पाणी खाडीत, समुद्रात सोडू नका. दुसऱ्या ठेवणाऱ्याला द्या, किंवा ज्याच्याकडून आणलं त्याला परत करा. १९८४ साली मोनॅकोजवळ मत्स्यालयातल्या शेवाळाचा छोटासा पट्टा भूमध्य समुद्रात दिसला, तो पुढे मैलोन्मैल पसरला. हिंदी आणि प्रशांत महासागरांतला लायनफिश १९८५ साली फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर पहिल्यांदा सापडला, बहुधा कुणाच्या तरी टाकीतून सुटलेला. आज तो कॅरिबियनभर आहे, तिथल्या प्रवाळांवरचे लहान मासे खातो आहे आणि तिथून त्याला कुणालाही काढता आलेलं नाही.